चार वाव पाणी

१२ जानेवारी

ती. काकूस,
मुंगीचा साष्टांग नमस्कार.

सुरुवात कशी करायची ते आईला विचारलं. ती म्हणाली, "काकूला लिहितेस? मग शुद्ध लिही. नाहीतर लाल शाईने दुरुस्त होऊन परत येईल."

फोनच करणार होते. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. मागच्या वेळी तू भरलेल्या अर्ध्यात माझं लग्न ठरलं होतं. म्हणून हे पत्र.

बातमी अशी, की माझी बदली काकांच्या संस्थेत झाली. लाटांच्या विभागात! तोच जिना, मधोमध झिजलेला. तीच हिरवी भिंत, खांद्यापर्यंत रंगवलेली. कोपऱ्यातल्या ज्या खोलीत ते मोठं मशीन होतं तिथे आता आम्ही सहाजण बसतो. आणि काकू, काकांचा प्रोग्राम अजून जिवंत आहे. आमचे साहेब त्याला "आजोबा" म्हणतात. त्याला समुद्राची खोली, वारा आणि धक्क्याची लांबी सांगितली की तो कॉम्प्युटरच्या पोटात एक समुद्र तयार करतो, आणि बंदराच्या आत लाट किती उंच येईल ते सांगतो. काका त्याला "खोटा समुद्र" म्हणायचे असं तूच सांगायचीस, आठवतं?

पण आजोबांचा स्वभाव कडक. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत त्रेचाळीस आकडे, प्रत्येक आपापल्या घरात. एक घर चुकलं की रुसून बसतात, का रुसले तेही सांगत नाहीत. सबंध संस्थेत ते दोघांनाच चालवता येतात, आणि त्यांतले एक उन्हाळ्यात निवृत्त होतायत. म्हणून मी एक वेबपान बनवते आहे. कुणीही आपल्या जागेवरून ते उघडावं, आकडे भरावेत, बटण दाबावं, समोर चित्र यावं.

साहेबांची अट एकच. काकांच्या वेळचा एका छोट्या बंदराचा छापील अहवाल कपाटात आहे. तेच बंदर माझ्या पानातून चालवायचं. मार्चअखेर उत्तर जुळलं तर पान सगळ्यांना खुलं. नाही जुळलं तर आजोबा कपाटात आणि विकतचा प्रोग्राम टेबलावर.

काकांचे काही कागद असतील का गं तुझ्याकडे? एखादी वही, काहीही?

तुझी,
मुंगी

---

२५ जानेवारी

॥ श्री ॥

चि. मुंगी,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी आणि एकदा मोठ्याने, भिंतीवरच्या फोटोसमोर. लाल शाई लागली नाही. "मधोमध झिजलेला जिना" वाचून मात्र मी चष्मा काढून ठेवला.

तुझे काका त्या जिन्याने बावन्न पायऱ्या चढायचे. मला आकडा ठाऊक, कारण घरी आल्यावर म्हणायचे, "आज बावन्न पायऱ्या आणि एक चूक." तेव्हा मशीन दिवसातून एकदाच ह्यांचं काम घ्यायचं. एक आकडा चुकीच्या चौकटीत गेला की सबंध दिवस पाण्यात. म्हणून चौकटीचे कागद ते घरी आणत. माझं अक्षर बरं, नि शाळेत गणितात मी कधी मागे नव्हते, म्हणून लिहून मी द्यायची. दुपारची कामं आवरली की आम्ही खिडकीपाशी बसत असू. मी विचारायची, "समुद्र किती खोल?" ते सांगायचे. मी लिहायची. "वारा कुठून?" "लाट बाहेर किती उंच?" "धक्का किती लांब?" "होड्या कुठे बांधायच्या?" असं एकेक. ते डोळे मिटून उत्तरं द्यायचे, जणू खरोखर किनाऱ्यावर उभे आहेत. कधी मधेच म्हणायचे, "थांब, पुढचं विचारू नकोस, आधी हे पाणी नीट बघू दे." संसारात मला कुणी इतकं लक्ष देऊन उत्तरं दिल्याचं दुसरं उदाहरण नाही.

तुझ्या त्रेचाळीस आकड्यांबद्दल एक सांगते, लहान तोंडी मोठा घास वाटला तर सोडून दे. पाहुण्याला दारातच त्रेचाळीस प्रश्न विचारले तर तो चप्पलसुद्धा काढणार नाही. आधी बसू दे. एक विचार. उत्तर आलं की दुसरा.

कागदांचं म्हणशील तर कामाचं असं काही नाही. मशीनमधून निघालेले मोठे कागद ते आणायचे, एका बाजूला आकडे, दुसरी बाजू कोरी. कोरी बाजू मी कधी फुकट घालवली नाही. इतकी वर्षं त्यावरच लिहीत आले. आता थोडेच उरलेत.

देव तुला यश देवो.

तुझी,
काकू

---

२० फेब्रुवारी

ती. काकूस,
सा. न.

तुझं पत्र माझ्या टेबलावरच्या फळीला टाचणीने लावलंय. येणारा-जाणारा वाचतो. "चप्पलसुद्धा काढणार नाही" हे वाक्य आता आमच्या विभागात म्हण झालंय.

आणि मी पान मोडून पुन्हा केलं, तुझ्या पद्धतीने. एका वेळी एकच प्रश्न. पहिला "समुद्र किती खोल?" दुसरा "वारा कुठून?" शब्द तुझे, जसेच्या तसे. कालच एका बंदराच्या इंजिनीयर बाई आल्या होत्या. आधीच्या पानाला त्यांनी हात जोडले होते. या वेळी पंधरा मिनिटांत चित्र काढून मोकळ्या! म्हणाल्या, "अहो, हे पान माझ्याशी बोलतंय." मी म्हटलं, "ती माझी काकू बोलतेय."

पण काकू, घोडं भलतीकडेच अडलं. अहवाल जुळत नाही. अहवालात काकांनी म्हटलंय, एकशेवीस मीटरचा धक्का पुरेल, आत लाट जेमतेम गुडघ्याइतकी. माझं पान म्हणतं, कमरेच्या वर. आकडे तर मी अहवालातलेच घेतले. अहवालाच्या शेवटी मच्छीमारांनी दोरी टाकून मोजलेल्या खोलीची मूळ यादी आहे, वावात. ती मी मीटरमध्ये करून भरली. त्या बाई म्हणाल्या, त्या बंदराचा धक्का प्रत्यक्षात पन्नास मीटर जास्त लांब आहे. मागून वाढवला असेल.

काका चुकणार नाहीत. म्हणजे चूक माझ्या पानात आहे. तुला काही आठवतं का त्या बंदराचं?

तुझी,
मुंगी

---

१ मार्च

॥ श्री ॥

चि. मुंगी,
आशीर्वाद.

इथे सर्व ठीक. गुडघा जरा कुरकुरतो. त्या बंदराचं मला आता काही आठवत नाही, फार वर्षं झाली. छापलं आहे म्हणजे बरोबरच असेल. तूच पुन्हा एकदा नीट बघ.

काकू

---

१४ मार्च

ती. काकूस,
सा. न.

तुझं पत्र फार छोटं होतं. बरी आहेस ना? गुडघ्याला शेक घेतेस का?

मी नीट बघितलं. तीन आठवडे बघतेय. पानातली ओळ न् ओळ तपासली, काही सापडत नाही. साहेब रोज दारात डोकावून "आजोबा काय म्हणतात?" विचारतात. परवा म्हणाले, "पोरी, जुनं ते सोनं असतं, पण सगळंच नाही. नको जिवाला लावून घेऊस."

शेवटी एक वाट सापडली आहे. प्रोग्राममध्ये एक आकडा आहे, लाट किती उथळ पाण्यात फुटते त्याचा. तो थोडा पुढे ढकलला की उत्तर बरोबर गुडघ्यावर येतं. अहवाल जुळतो. का जुळतो ते मला कळत नाही, म्हणून मन खातं. पण काकांचं उत्तर तेच होतं ना? मग त्यांच्या प्रोग्रामने तेच द्यायला हवं. अठ्ठावीस तारखेला साहेबांना दाखवणार आहे. त्या बाई त्यांच्या नव्या धक्क्यासाठी पान उघडण्याची वाटच बघतायत.

मला संस्थेच्या वाचनालयातले काका आठवतात. शाळा सुटली की मी तिथे यायची, ते मला उंच स्टुलावर बसवून पुस्तकांना कव्हरं घालायला द्यायचे. तेव्हा वाटायचं, किती मजा, काकांना पुस्तकं आवडतात म्हणून त्यांनी ही नोकरी घेतली. लाटांचं ते कधीच बोलले नाहीत. आता त्यांच्या लाटा सगळ्यांना दाखवायच्या, एवढंच मनात आहे.

तुझी,
मुंगी

---

१८ मार्च

॥ श्री ॥

चि. मुंगी,

तो आकडा ढकलू नकोस. हातातलं काम टाकून हे वाच.

तुझ्या पानात चूक नाही. अहवालात आहे. आणि ती तुझ्या काकांची नाही, माझी आहे.

त्या बंदराची खोली वावात आली होती. वाव म्हणजे मच्छीमार दोन्ही हात पसरतो, त्यात मावेल तेवढी दोरी. मशीनला मीटर हवे. काका यादी वाचायचे, मी गुणाकार करून मीटर लिहायची. त्या दिवशी त्यांना संस्थेत लवकर जायचं होतं. शेवटचा कागद राहिला होता, चौदा ओळींचा. म्हणाले, "एवढा तू कर, सवयीचंच आहे." मी केला. पण गुणाकार केलाच नाही. वावाचे आकडे तसेच चौकटीत उतरवले. चार वाव पाणी चार मीटर झालं. धक्क्याच्या तोंडाशी समुद्राची खोली जवळजवळ निम्मी झाली. उथळ पाण्यात लाट आधीच फुटते, आत पोचत नाही. म्हणून बंदर शांत दिसलं. संध्याकाळी त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून न बघता सही केली.

निमित्त शोधलं तर सापडेल. पण देत नाही. चौदा ओळी होत्या, मला दिसायला हव्या होत्या.

अहवाल छापून गेल्यावर आठ दिवसांनी ते कागद बांधून ठेवत होते. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ते म्हणाले, "अगं, हे वाव आहेत की मीटर?" इतक्या हळू विचारलं, की मी घडी घालतच राहिले. मग मान वर केली आणि त्यांचा चेहरा बघितला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनवर सगळं परत चालवलं. बंदराच्या लोकांना स्वतः पत्र लिहिलं, म्हणून धक्का पन्नास मीटर लांब झाला. कुणाची होडी बुडाली नाही, ही देवाची कृपा. पण छापलेला अहवाल कुणी बदलला नाही. त्या वेळच्या साहेबांपुढे हे उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी." महिन्याभरात वाचनालयात बदली झाली. पुस्तकं आवडायची म्हणून नाही, मुंगे.

मी म्हटलं होतं, मी येते, मी सांगते साहेबांना. तर म्हणाले, "तू काय सांगणार? त्या कागदावर तू आहेसच कुठे? सही माझी आहे. सही करणाऱ्याची चूक." आणि हसले वर. पुढे निवृत्त होईपर्यंत त्या विषयावर अक्षर नाही. फक्त खिडकीपाशी बसणं बंद झालं. पहिले काही दिवस दुपारी मी सवयीने जाऊन बसायची, समोरची खुर्ची रिकामी. मग मीही खुर्ची हलवली.

इतकी वर्षं देवापुढे हात जोडते, पण एक गोष्ट पाठीमागे लपवून जोडते. तू विचारलंस तेव्हाही लपवली. वाटलं होतं, पान चुकलं तर चुकलं, पोरगी दुसरं करेल, त्यांचं छापलेलं तरी राहील. पण तू लिहिलंस, आकडा ढकलणार आणि त्या बाई त्यावरून धक्का बांधणार. मग माझे चौदा आकडे पुन्हा समुद्रात जाणार. एकदा त्यांनी अडवले. या वेळी अडवायला ते नाहीत.

आता असं कर. माझं पहिलं पत्र टाचणीवरून काढ आणि उलट. तो त्यांनी परत चालवलेल्या कामाचाच कागद आहे. मागच्या छोट्या पत्राचाही तोच, आणि हाही. उरलेले पंचवीस सोबत पाठवते. त्यांच्या मधे दोन कागद वेगळे आहेत, त्यांवर मी कधीच काही लिहिलं नाही. पोथीत ठेवले होते. एक शेवटचं बरोबर उत्तर, त्यांच्या सहीचं. दुसरा माझा चौदा ओळींचा.

साहेबांना सगळं सांग. माझं नाव घेऊन सांग.

काकू

---

३० मार्च

ती. काकूस,
साष्टांग नमस्कार, आणि या वेळी आईला न विचारता.

काखेत कळसा म्हणतात तो असा! दीड महिना उत्तर माझ्या डोक्यावर टाचणीला लटकत होतं, आणि मी खाली मान घालून ते शोधत होते. उलटलं. एकेक आकडा माझ्या पानाशी लावला. काकू, सगळे जुळले. पोथीतला कागद तर शेवटच्या अंकापर्यंत.

साहेबांनी तो कागद हातात घेतला आणि ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "म्हणजे आजोबा बरोबर होते. आपणच त्यांना उथळ पाण्यात उभं केलं होतं." अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्ती लिहून चिकटवली. काकांच्या पत्राचाही उल्लेख केला. पान परवा खुलं झालं.

एक बदल केला आहे. "समुद्र किती खोल?" याच्या आधी आता पान विचारतं, "कशात मोजलं, वावात की मीटरमध्ये?" गुणाकार पान स्वतः करतं. कुणाला घाई असो, कुणाचं लक्ष दुसरीकडे असो, ते चुकणार नाही.

आता एक विचारते. चौदा ओळींच्या कागदावर तुझ्या अक्षरात तारीख आहे. आणि कोपऱ्यात एक गुलाबी डाग, पातळ औषधाच्या चमच्याएवढा. ती तारीख मी आईला सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे धाकट्याच्या वेळी मी दवाखान्यात होते तो आठवडा. तू काकूकडे होतीस. तीन दिवस तापाने फणफणली होतीस, काकूने मांडीवरून खाली ठेवलं नाही तुला."

काकू, तू एका हाताने लिहीत होतीस का?

सोबत पानावरचे सगळे प्रश्न छापून पाठवते आहे. तुझ्याकडे कॉम्प्युटर नाही म्हणून. तूच पहिल्यांदा विचारलेले प्रश्न आहेत, नुसते बघ.

तुझी,
मुंगी

---

९ एप्रिल

॥ श्री ॥

चि. मुंगी,
अनेक आशीर्वाद.

ताप उतरला होता. बाकीचं मला आठवत नाही, आणि तूही आठवायचं नाही.

प्रश्न नुसते बघ म्हणालीस, पण कोरी चौकट दिसली की माझ्याच्याने राहवत नाही. खुर्ची परत खिडकीपाशी ओढली आणि दुपारभर बसून सगळे भरले. तेच बंदर घेतलं. प्रश्न मोठ्याने वाचला, थोडं थांबले, मग लिहिलं. "वारा कुठून?" ला जरा जास्त थांबले. ते नेहमी तिथेच रेंगाळायचे.

खोलीच्या चौदा ओळी मी मीटरमध्येच दिल्या आहेत. तुझं पान गुणाकार करतं हे वाचलं, पण हे चौदा मला करायचेच होते. चार वाव म्हणजे सात मीटर बत्तीस सेंटिमीटर. प्रत्येक ओळीचा दोनदा ताळा केला. तुझ्या पानाकडून तपासून घे आणि चुकलं असेल तर कळव. लाल शाई चालेल.

शेवटी "मी यंत्र नाही" अशी एक चौकट आहे. तिथे खूण केली. तुझ्या काकांना ह्याची कधी खात्री नव्हती, मला "घरचं मशीन" म्हणायचे.

त्याच्या खाली एक चौकट आहे, "आकडे कुणी भरले?" जुन्या कागदांवरही अशी एक जागा असायची. तिथे मी नेहमी त्यांचं नाव लिहायची आणि सही करायला पुढे सरकवायची. या वेळी पेन आपोआप त्यांच्या नावाच्या पहिल्या अक्षराकडे गेलं. ते खोडलं आणि माझं लिहिलं. खाडाखोड दिसेल. समजून घे.

तुझी,
काकू